रहमतचाचांचा पंजा

रुबीनाची आणि माझी मैत्री एका जळक्या पिस्टनमुळे झाली.

यवतमाळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आम्ही दोघी मेकॅनिकलला होतो. आमच्या वर्गात मुली अशा आम्ही दोघीच, तरी पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींशी धड बोललो नव्हतो. मी आभा दाणी, कोषागारातल्या श्रीकृष्ण दाणींची मुलगी. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या फायलीच. ती जिनिंगमधल्या रहमत फिटरची मुलगी. कानामागे पेन्सिल खोचून यायची आणि वर्कशॉपच्या तासाला मुलांच्या आधी लेथवर जाऊन उभी राहायची. मला तिची जरा भीतीच वाटायची.

दुसऱ्या वर्षी धातुशास्त्राच्या कुंदा मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकानं घरून धातूचा एक तुकडा आणा. आपण तो आतून पाहू." मी आईच्या जुन्या कुकरमधल्या डब्याचा तुकडा कापून नेला. रुबीनानं वडिलांच्या भंगारातून स्कूटरचा जळका पिस्टन आणला. प्रयोगशाळेत पॉलिश करायची चकती एकच, म्हणून मॅडमनी आम्हा दोघींची जोडी लावून दिली. आधी खरखरीत कागदावर, मग बारीक कागदावर, मग ओल्या मखमलीच्या फिरत्या चकतीवर आम्ही ते तुकडे आरशासारखे होईपर्यंत घासले, आम्लात बुडवले, धुतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

माझ्या डब्यात बघण्यासारखं फारसं नव्हतं. रुबीनाच्या पिस्टनमध्ये मात्र पांढऱ्या जमिनीवर करड्या काड्याच काड्या पसरल्या होत्या.

"बाप्पा! हे तर वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून टाकल्यावानी दिसून राह्यलं," रुबीना म्हणाली. "पाह्य न आभा, पाह्य!"

पहिल्यांदाच तिनं मला नावानं हाक मारली होती.

मॅडमनी समजावून सांगितलं. पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलेलं असतं. ओतलेला रस सावकाश गोठला की सिलिकॉनला वाढायला सवड मिळते आणि त्याच्या अशा लांब काड्या होतात. रस झटकन गोठला तर तेच सिलिकॉन बारीक राहतं. धातू तोच, पण गोठायला किती वेळ मिळाला यावर त्याचा स्वभाव ठरतो. मॅडम हे अगदी सहज बोलल्या होत्या. मला ते इतकं आवडलं, की पुढचं सगळं आयुष्य मी त्याच गोष्टीमागे घालवलं.

त्या दिवसानंतर मी रुबीनाच्या घरी जाऊ लागले. कळंब चौकाच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, समोर टिनाची शेड. तिची आई, अकीलाचाची, माझ्यासाठी आलूचा वेगळा रस्सा करायची आणि "ये बामण की पोट्टी को कुछ तो खिलाओ" म्हणत भाकरीवर भाकरी वाढायची. रहमतचाचा संध्याकाळी सायकलवर घरी यायचे. भुवयांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर रुईची बारीक भुरी बसलेली असायची. अंगणात उभे राहून ते आधी गमछानं डोकं झटकायचे, मग हात धुवायचे. हात धुणं हे त्यांचं मोठं काम होतं. साबण, राख, पुन्हा साबण. मग ते हात पुसत विचारायचे, "काय मॅडमहो, आज कॉलेजात काय तोडलं?"

जिनिंगच्या यंत्रात चामड्याच्या रोलरवर कापूस ओढला जातो, सरकी खाली पडते आणि रुई पुढे निघते. तो रोलर घासला की त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात आणि पात्याशी त्याचं अंतर नीट जुळवावं लागतं. ते काम चाचांचं. हंगामात गेटबाहेर बैलगाड्यांची आणि मेटाडोरची रांग लागायची. एकदा रुबीना मला तिथं घेऊन गेली होती. आत इतका आवाज, की बोललेलं ऐकू येईना. पांढऱ्या ढिगावर लोक गुडघ्यापर्यंत रुतून चालत होते आणि छतापाशी रुईची भुरी उन्हात तरंगत होती. चाचांनी मला एक मूठ रुई दिली. ती मुठीत धरल्यावर मुठीत काही आहे असं वाटेना.

पण ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात रोज गावांची नावं यायची आणि ती आमच्या ओळखीचीच गावं असायची. कधी बोंडअळी, कधी भाव नाही, कधी खरेदीच उशिरा सुरू झालेली. त्याचा परिणाम जिनिंगवरही व्हायचा. हंगाम आखूड होत गेला, माणसं कमी झाली, आणि उरलेल्या माणसांवर जास्त यंत्रं आली.

आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा चाचांचा उजवा हात रोलरमध्ये गेला. चालू यंत्रावर अडकलेला गुंता ते काढत होते. रोज काढायचे, तसाच. अंगठा राहिला, तळहात राहिला, चारही बोटं गेली.

मी सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा रुबीना व्हरांड्यात बाकावर बसली होती. कानामागे पेन्सिल तशीच होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "अब्बा मले विचारून राह्यले होते, रोलर बंद केला काय म्हणून. म्हणे, कोणाले तरी सांग, बंद करा म्हणून."

त्यानंतर चाचा पुन्हा जिनिंगमध्ये गेले नाहीत. दोनेक हंगामांत ती जिनिंगही बंद पडली. उजवा हात ते कायम गमछात गुंडाळून ठेवायचे. मी घरी गेले की "काय तोडलं?" असं विचारायचे नाहीत. डाव्या हातानं जेवायची त्यांना लाज वाटायची, म्हणून ते सगळ्यांच्या नंतर, आतल्या खोलीत जेवायचे. चाची दार ओढून घ्यायची आणि बाहेर येऊन आमच्याशी मोठमोठ्यानं काहीतरी बोलत बसायची.

पदवी झाल्यावर रुबीनाला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागत होती. ती गेली नाही. टिनाच्या शेडमध्ये तिनं स्वतःचं दुकान उघडलं. मोटारपंप, फवारणीचे पंप, उरल्यासुरल्या जिनिंगचे सुटे भाग. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठी हाय?" ती हातातला पाना वर करून दाखवायची. चाचा शेडच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि गप्प असायचे.

मी आधी नागपूरला शिकले, मग तिथंच थोडी शिकवणी केली आणि काही वर्षांनी संशोधनासाठी बंगळूरच्या एका संस्थेत गेले. तिथं लेझरनं धातूची वस्तू छापायचं यंत्र नुकतंच आलं होतं. पिठासारख्या बारीक धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरायचा. लेझरची तिरीप त्यावर हवी तेवढीच फिरते आणि तेवढीच भुकटी वितळून लगेच गोठते. मग दुसरा थर, त्यावर तिसरा. असे हजारो थर चढून वस्तू उभी राहते. माझा विषय होता अशा तऱ्हेनं छापलेलं ॲल्युमिनियम आतून कसं दिसतं.

पहिला नमुना मी घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तो दिवस मला आठवतो. एकावर एक रचलेल्या अर्धचंद्रांच्या ओळी, माशाच्या खवल्यांसारख्या. लेझर जिथून जिथून गेला तिथलं एकेक वितळलेलं तळं तिथंच गोठलेलं. आणखी मोठं करून पाहिलं तर प्रत्येक खवल्यात सिलिकॉनची नाजूक जाळी होती. पापणी लवायच्या आत गोठल्यामुळे सिलिकॉनला काड्या करायला सवडच मिळाली नव्हती. मी फोटो काढून रुबीनाला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"हे तेच ॲल्युमिनियम अन् सिलिकॉन काय, पिस्टनमंधलं?"

"जवळजवळ तेच."

"मंग अब्बासाठी पंजा छापता येईन काय?"

ती बोलतच राहिली. तिनं सगळा विचार करून ठेवला होता, बहुतेक कित्येक वर्षांपासून. अंगठा आहे, म्हणजे पकड होऊ शकते. अंगठ्यासमोर दाबायला काहीतरी पाहिजे. लोखंडाचा पंजा तिनं बनवून पाहिला होता, पण जड झाल्यामुळे चाचांनी तो अर्ध्या तासात काढून ठेवला. प्लास्टिकचा गरम सायलेन्सरला लागून वितळला. "हलका पाहिजे अन् हाताले बरोबर बसला पाहिजे. बाजारात असा भेटत नाई, आभा. प्रत्येकाचा हात येगळा तुटते."

मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, चाचणीच्या कांड्या छापताना यंत्राच्या पाटावर जागा उरते, तिथं छाप. पण जे छापशील त्याचा अभ्यासही कर.

रुबीनानं दत्त चौकातल्या एका दातांच्या डॉक्टरकडून ठसा घ्यायची गुलाबी भुकटी आणली आणि चाचांच्या हाताचा ठसा घेतला. चाचा तयार होईनात. शेवटी चाची म्हणाली, "इतके साल से पोट्टी तुमको देख रही, तुम भी उसकू एक बार देखो." मग त्यांनी गमछा सोडला. चाची पुढे मला म्हणाली, त्या दिवशी घरात पहिल्यांदा सगळ्यांनी तो हात उजेडात पाहिला.

पहिला पंजा वायाच गेला. मला वाटलं, मजबूतच करायचा तर विमानात वापरतात ते जस्त-तांब्याचं ॲल्युमिनियम का नको? छापून बाहेर काढला तेव्हा तो सुंदर दिसत होता. कापून पाहिला तर आत चिराच चिरा. त्या मिश्रधातूचे कण खालून वर उभ्या खांबांसारखे वाढतात, आणि सगळ्यात शेवटी गोठणारा रस त्या खांबांच्या फटींत अडकतो. धातू आक्रसला की त्या फटी उलतात. रुबीनाला सांगितलं तर ती म्हणाली, "काळ्या मातीवानी." मग आम्ही सिलिकॉनवालं साधं मिश्रण घेतलं. त्यात चिरा पडल्या नाहीत.

त्या दिवाळीत मी दुसरा पंजा घेऊन यवतमाळला आले. चार बोटांच्या जागी किंचित वाकलेलं एक रुंद पातं, मुळाशी तळहाताला बसणारी वाटी, आणि मनगटाला बांधायला रुबीनानं शिवलेला चामडी पट्टा. शेडमध्ये तिनं तो चाचांना बांधला. त्यांनी अंगठा हळूच त्या धातूवर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग बाकावरचा पाना उचलला. तो सटकला. त्यांनी पुन्हा उचलला आणि या वेळी तो हातात राहिला.

"वजनच नाई याले," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, खूप वर्षांनी, "काय मॅडम, हे बनवताना काय तोडलं?"

"एक पंजा तोडला चाचा."

ते हसले. चाची आत जाऊन चहा ठेवायला लागली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

ते महिने चांगले गेले असं रुबीना सांगायची. चाचा खुर्चीतून उठले. आधी बारीकसारीक कामं, मग पंप खोलणं. निवडणुकीचे दिवस होते, लोक चिडवायचे, "चाचा, पंजा घेऊन कोणाच्या प्रचाराले निघाले?" चाचा म्हणायचे, "मी माह्या अंगठ्याच्या प्रचारात हाय." ते सगळ्यांसोबत जेवायला बसू लागले. घास डाव्या हातानंच घ्यायचे, पण ताट उजव्यानं धरायचे.

आणि मग एका दुपारी रुबीनाचा फोन आला. राळेगावकडे एका विहिरीवर ते दोघं मोटार काढायला गेले होते. साखळीनं मोटार वर येत होती आणि चाचांनी ती काठाकडे ओढून घेण्यासाठी पंजा तिच्या कडीत अडकवला. पंजा तुटला. वाकला नाही, आवाज नाही, खडूसारखा तुटला. मोटार परत विहिरीत गेली. चाचा काठावर होते. पाय घसरला, पण त्या शेतातल्या गड्यानं, रामसिंगनं, कमरेला धरून मागे ओढलं.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाई. पण गमछा परत बांधला त्याहीनं."

मी म्हणाले, तुकडे पाठव. तिनं ते रुईत गुंडाळून पाठवले. तुटलेली बाजू मी पाहिली तेव्हा सगळं तिथं दिसत होतं. मी पंजा उभा छापला होता, कारण पाटावर जागा तेवढीच होती. त्यामुळे ओढ पडली ती थरांना एकमेकांपासून सोडवणारी. तडा खवल्यांच्या कडेकडेनं गेला होता. कडेला सिलिकॉनची जाळी जरा जाड असते आणि तिथं धातू कमजोर असतो. शिवाय आत गोल गोल बारीक भोकं होती. भुकटीला दमट हवा लागली असणार. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातला वायू पिऊन घेतं आणि गोठताना तो बुडबुड्यांच्या रूपात आतच राहतो.

पुढच्या वेळी मी भुकटी आधी सुकवली. पाटावर जास्त जागा मागून घेऊन पंजा आडवा, जरासा तिरपा छापला, म्हणजे ओढ थरांच्या लांबीत पडेल. भोकं जवळजवळ गेली. चाचणीत ताकदही उत्तम आली. सर खूश झाले. मी रुबीनाला आनंदानं आकडे सांगितले. तिनं ऐकून घेतलं.

"आभा, एक सांग. तुटायच्या आधी हा सांगते काय?"

"म्हणजे?"

"लोखंडाचा पाना आधी वाकते. मग आपण समजतो, आता सोडा. तुहा पंजा मजबूत असन, पण तो काही बोलत नाई. मले मजबूत नको. बोलणारा पाहिजे."

मी दोन दिवस त्या वाक्याशी भांडत होते. तोवरच्या माझ्या सगळ्या टिपणांत मी त्या जाळीचं कौतुक केलं होतं. ती जाळीच तर ताकद देते. ती मोडायची म्हणजे ताकद घालवायची. पण ते कसं मोडायचं हे मला माहीत होतं. छापलेला धातू भट्टीत ठेवून मध्यम आचेवर काही वेळ तापवला की सिलिकॉनची जाळी ठिकठिकाणी तुटते आणि तिचे सुटे सुटे गोल दाणे होतात. धातू मऊ होतो. कमी भार घेतो, पण मोडायच्या आधी भरपूर वाकतो.

सरांना सांगितलं तर ते आधी नाही म्हणाले. इतक्या कष्टानं मिळवलेली ताकद जाणूनबुजून घालवायची? मी त्यांच्या टेबलावर तुटलेले तुकडे ठेवले आणि विहिरीची हकीकत सांगितली. त्यांनी एक तुकडा उचलून बराच वेळ उलटापालटा केला. म्हणाले, "मग तोच तुझा प्रबंध कर." तसाच तो झाला. कोणती आच, किती वेळ, जाळी कुठे मोडते, किती मोडली की माणसाच्या हाताला भरवसा येतो. शेवटचा भाग मी अर्थातच तसा लिहिला नाही.

भट्टीत तापवलेला नवा पंजा जाडीला थोडा जास्त होता, म्हणजे मऊपणाची भरपाई व्हावी. चाचा तो बांधून घ्यायला तयार नव्हते. मी स्वतः यवतमाळला गेले. ते शेडमध्ये खुर्चीत बसले होते, हात गमछात.

"बेटा, तू लय केलं," ते म्हणाले. "आता राहू दे. माह्यामुळं रामसिंगही विहिरीत गेला असता."

रुबीनानं तसलाच एक दुसरा पंजा शिकंज्यात आवळला, त्यावर लोखंडी नळी चढवली आणि तिच्यावर सगळं वजन टाकलं. धातू वाकला. आणखी वाकला. पार दुमडत आला. तुटला नाही.

चाचा उठून जवळ आले. वाकलेल्या जागेवर त्यांनी अंगठा फिरवला. "दुखते म्हणून सांगून राह्यला थो," ते हळूच म्हणाले. मग गमछा सोडून त्यांनी हात पुढे केला.

तो पंजा त्यांच्याजवळ शेवटपर्यंत होता. कितीतरी वेळा वाकला. ते तो लाकडावर ठेवून हातोडीनं सरळ करायचे. तसं करू नका, धातू थकतो, असं मी फोनवर ओरडायचे. फार थकला की मी नवा पाठवायचे. दोघं पुन्हा गावोगाव फिरू लागले, मोटारसायकलवर रुबीना पुढे आणि चाचा मागे सीटवर, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन.

त्यांच्या हाताकडे बघून लोक यायला लागले. मला हे कधी सुचलंच नव्हतं. आमच्या जिल्ह्यात किती बोटं गेली आहेत, कुणी जिनिंगमध्ये, कुणी मळणी यंत्रात, कुणी कडबा कापताना. हे हात ओढणीत, खिशात, धोतराच्या सोग्यात असतात, म्हणून दिसत नाहीत. हिरासिंग राठोड आला, त्याला ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरायचं होतं. राजूरच्या खाणीतून एक जण आला, त्याला फक्त लेकीच्या लग्नात अक्षता टाकायच्या होत्या. रुबीना ठसे घ्यायची, चाचा त्यांना हात उघडायला लावायचे. ते काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. आपला पंजा काढून ते आधी स्वतःचा हात समोर ठेवायचे.

सगळं जमलं असं नाही. मानीबाई नावाची कोलाम बाई पांढरकवड्याकडून आली होती. कडबा कुट्टीनं तिची बोटं नेली होती आणि तिला कापूस वेचायचा होता. वेचायला बोटांची चिमूट लागते, बोंडातून कापूस अलगद ओढावा लागतो, आणि आमच्या पंज्याला ते येईना. आम्ही तीन आकार करून पाहिले. टोक बारीक केलं, वाकडं केलं, रबर लावलं. शेडमध्ये रुबीनानं पऱ्हाटीची फांदी बांधून ठेवली होती. मानीबाई पुन्हा पुन्हा हात पुढे न्यायची आणि बोंड हलून बाजूला जायचं. शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या बाई. वेचणी डाव्या हातानं करीन, हळू हळू. याच्यानं परात तर धरते न?" परात धरता येत होती. पीठ मळताना ती सरकायची नाही. मानीबाई तेवढ्यासाठी पंजा घेऊन गेली. मला फार वाईट वाटलं. रुबीना म्हणाली, "तुले वाईट वाटते तर चिमटीचा विचार कर." मी अजून करते आहे. माझे विद्यार्थीही करतात.

चाचा दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं. मी नागपूरहून निघाले तरी दफनाला पोचू शकले नाही. तेव्हा मी नागपूरलाच शिकवत होते, अजूनही तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी घरी गेले तेव्हा चाची जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मला जवळ ओढून म्हणाली, "तेरे चाचा को आखरी बरसों में बोलना आ गया था."

खरं होतं ते. त्या सगळ्या वर्षांतून मला त्यांचं बोलणंच जास्त आठवतं. शेडमध्ये गिऱ्हाइकांशी घातलेली हुज्जत, चहात साखर कमी म्हणून चाचीशी केलेली तक्रार, मागच्या सीटवरून रुबीनाला दिलेल्या सूचना. बाजूनं मोटारसायकल गेली तरी त्यांचा आवाज ऐकू यायचा. जिथं जिनिंग होती तिथं आता लग्नाचं लॉन झालं आहे. मागच्या उन्हाळ्यात रुबीना आणि मी एका लग्नाला तिथं गेलो होतो. डीजेचा आवाज एवढा होता, की शेजारी बसून आम्हाला एकमेकींचं काही ऐकू येत नव्हतं. रुबीना माझ्या कानाला तोंड लावून ओरडली, "अब्बा असते तर याह्यचा डीजेच बंद केला असता!"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की पंगतीत वाढणारा पोट्टा थबकून आमच्याकडे पाहत राहिला. रुबीनानं त्याला हातानंच खुणावलं, वाढ, वाढ, बुंदी वाढ.